शुगर नसलेल्यांच्या यादीत

भाऊ, तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडल्याने' असं लिहून आलं आहे. वहिनीच्या हातात देण्याआधी मी तो तीनदा वाचला. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ज्याला हायवेवर ट्रक उडवतो त्याचंही पडतं. तुझा अंगठा काळा झाला, मग घोट्यापासून पाय गेला, मग गुडघ्यापासून गेला, आणि हे सगळं शुगरनं केलं हे वॉर्डात फरशी पुसणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. दाखला लिहिणाऱ्याला मात्र तो एक शब्द जड झाला.

तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले. पाव्हणे गेले, शेजाऱ्यांची भांडी घासून परत दिली, वहिनी आत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून हे लिहिते आहे. मला रडू येत नाही असं नाही, पण ते रागाच्या खाली दबून गेलंय. लोक मला म्हणाले, ताई, आता सोडून द्या, गेला तो सुटला. मी मान हलवली. मनात म्हटलं, तो सुटला असेल, बाकीच्यांना मी सुटू देणार नाही. मला सूड हवा होता, भाऊ. शाळेतल्या बाईनं असं लिहू नये, पण तुझ्यापाशी मी शाळेतली बाई कधी नव्हतेच.

शाळेतली बाई मला तूच केलंस, हेही आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे रागाच्या भरात राहायला नको. तू पाचवीतून उठून सुरतेला कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, आलास आणि मला मात्र शिकवत ठेवलंस. आई म्हणायची, पोरीला एवढं शिकवून काय करायचं. तू जूनमध्ये गुपचूप वह्या आणून ठेवायचास. मी शिक्षकाचं पीटीसी झाले, उधन्यात मराठी शाळेत लागले, तेव्हा तू कारखान्यात पेढे वाटलेस आणि आपल्या खोल्यांच्या लाइनीतल्या यच्चयावत माणसांची गावाकडची पत्रं माझ्याकडून लिहून घ्यायला लागलास. कुणी आलं की तू आधी माझं अक्षर दाखवायचास. मला लाज वाटायची. तुला त्या अक्षराचं फार कौतुक होतं.

तुझी शुगर सापडली ती डोळ्यांमुळे. ताण्यातला तुटलेला धागा तुला दिसेना, कापडात डाग यायला लागले. मुकादमानं दोनदा बोल लावला तेव्हा तू चष्मा करायला गेलास, आणि चष्मेवाल्यानं डॉक्टरकडे धाडलं. गोळ्या झाल्या, मग इंजेक्शन आलं. डॉक्टर म्हणाला, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी करणाऱ्या माणसाची सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली, हे त्याला कुणी विचारलं नाही. तुझ्याकडे फ्रीज नव्हता. वहिनीनं लहान माठात ओली वाळू भरून त्यात बाटली पुरली. महिन्याची बाटली तू दोन महिने पुरवायचास. मी भांडायचे, अर्धं इंजेक्शन म्हणजे काही नाही, भाऊ. तू म्हणायचास, काही नाहीपेक्षा अर्धं बरं. हे भांडण आपण किती वेळा केलं असेल. एकदाही पुरं झालं नाही, कारण दर वेळी तू मध्येच उठून कारखान्यात जायचास.

प्लेगच्या साली सगळी लाइन गावाला पळाली होती, आपणही. परत आलो तर सुरत ओळखू येईना. गटारं उपसलेली, रस्ते धुतलेले, उंदीर मारायला वेगळी माणसं. तू ओट्यावर बसून बघायचास आणि हसायचास. म्हणायचास, हा आजार उडून साहेबांच्या बंगल्यात जातो, म्हणून त्याला पैसा निघाला. माझी शुगर मेली कुणाला लागत नाही, तिच्यासाठी कोण पैसा काढणार. मला तेव्हा वाटलं तू थट्टा करतोयस.

आणि मग पैसा निघाला. दोन-तीन वर्षांनी, थोडासा का होईना. सरकार शहरात शुगरचं एक केंद्र उघडणार होतं. तपासणी फुकट, गोळ्या आणि इन्सुलिन फुकट, पायाच्या जखमा बघायला वेगळा माणूस, आणि आजार होऊच नये म्हणून घरोघरी सांगत फिरणाऱ्या बाया. ज्या भागात शुगरची माणसं जास्त निघतील तिथं केंद्र. माणसं शोधायचं काम अर्थात आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. मी किती खूश झाले होते ते तुला आठवत असेल. तुझ्या खोलीत येऊन मी नाचायचीच बाकी होते. आपल्या लाइनीतच अर्धा डझन माणसं मला माहीत होती. केंद्र आपल्याकडेच येणार, यात मला तिळभर शंका नव्हती.

आता या सर्वेक्षणावर जे साहेब नेमले होते त्यांच्याबद्दल. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना तेवढा मान नको. आमचं प्रशिक्षण त्यांनी एका दिवसात उरकलं आणि तारखा सांगितल्या. मी बघितलं तर अखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा आठवडा. मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, आमची खानदेशातली माणसं अखाजीला गावाला जातात. वर्षभर कुठे गेली नाहीत तरी अखाजीला जातात. सगळ्या लाइनींना कुलपं असतील. आठ दिवस पुढे घ्या.

साहेबांनी वर न बघता सांगितलं, "बेन, सरकारी काम छे. तहेवार तो दर वरसे आवे."

सण काय दर वर्षी येतो, एवढंच त्यांचं उत्तर. वर हसून म्हणाले की मजुराला शुगर होत नसते, तो गादीवर बसणाऱ्या शेठांचा आजार. दिवसभर अंग मोडून काम करणाऱ्याला कसली शुगर. वर्गातले काही शिक्षक हसले. आणि मी खाली बसले, भाऊ. मला तुझं नाव घेऊन सांगता आलं असतं की माझा सख्खा भाऊ बारा तास लूमपुढे उभा राहतो आणि त्याला शुगर आहे. पण पुढे बसलेल्या बाईनं माझा पदर ओढला आणि मी बसले. साहेबांना मी माफ करणार नाही. त्या बसण्याबद्दल स्वतःलाही नाही.

अजून एक गोष्ट होती. वस्तीत अनोळखी माणसाला लोक दार उघडत नाहीत, म्हणून सोबत तिथला जाणता माणूस घ्या, असा हुकूम होता. आपल्या लाइनीच्या खोल्या शेठच्या, म्हणून माझ्यासोबत कोण आलं, तर शेठचा मुकादम. मी लोकांना विचारायचं, शुगर आहे का, आणि ज्याच्या शब्दावर त्यांना कामावरून काढलं जातं तो माणूस माझ्या खांद्यामागून बघत उभा. होळीच्या सुमाराला एकाला लूमपुढे चक्कर आली म्हणून मुकादमानं त्याला दुसऱ्या दिवशी कामावर न घेता परत पाठवलं होतं. हे लाइनीत कुणाला माहीत नव्हतं?

तुझी लाइन मी मुद्दाम अखाजीच्या दिवशी घेतली. आई-अण्णा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुझीच खोली. बहीण येणार म्हणून तू गावाला गेला नव्हतास, खाडा करून घरी बसला होतास. चौदा खोल्यांच्या लाइनीत अकरा कुलपं. मी दारावर खडूनं खूण करून फॉर्मवर 'घर बंद' लिहीत गेले. घर बंद म्हणजे रोगी नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. उरलेल्या दोन दारांत माणसांनी मुकादमाकडे बघितलं आणि नाही म्हटलं. त्यातला एक आदल्या आठवड्यात मला विचारत होता, ताई, इन्सुलिन कुठे स्वस्त मिळतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत 'नाही' लिहिलं.

मग तुझं दार. वहिनी पालथ्या खापरावर मांडे भाजत होती, घरभर आमरसाचा वास. अखाजीच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत, म्हणून तू मुकादमालाही पाट दिलास. मला म्हणालास, आधी जेव, सरकार कुठे पळून जात नाही. मी ताट बाजूला सारलं आणि फॉर्म मांडीवर घेतला. नाव, वय, खोली, काम. सातव्या रकान्यात शुगर. मी मान वर केली. मुकादम वाटीतला रस पीत होता. त्याच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, वाळूच्या माठात तुझी बाटली होती.

तू माझ्याकडे बघून म्हणालास, "माले काय व्हयेल शे? लिख, नही."

मी लिहिलं. तुला आवडणाऱ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं. आणि मुकादमाला दाखवायला तू दोन मांडे आणि तीन वाट्या रस खाल्लास. वहिनी खापरावरून हात काढून तुझ्याकडे बघत राहिली. मी एक घास खाल्ला नाही, तरी तू मला रागावलास की माहेरी येऊन उपाशी जाते. बाहेर पडल्यावर मला ते बदलता आलं असतं. मुकादम पुढे गेला होता, पेन माझ्या हातात होतं. मी विचार केला, एका नावानं काय होतं, केंद्र तर येणारच. भाऊ, प्रत्येक लाइनीत प्रत्येक शिक्षकानं असाच विचार केला असणार.

केंद्र तापीपलीकडे गेलं, बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या भागात. तिथं अखाजी नव्हती, मुकादम नव्हता, आणि लोकांनी मोकळेपणानं सांगितलं की हो, आम्हाला आहे. त्यांचा काही दोष नाही, त्यांनाही आजारच होता. पण साहेब शाळेत आले होते तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले की बेन, तुमच्या वस्तीत तर सगळे ठणठणीत निघाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी त्यांच्यासाठी चहा आणायला सांगितला. नोकरी माणसाला काय काय करायला लावते.

श्रावणात तुझ्या पायात लूमखालचा खिळा गेला आणि तुला कळलंही नाही. अनवाणी चालत घरी आलास, तेव्हा वहिनीनं फरशीवरचं रक्त बघितलं. पुढचं सगळं मी बघितलंय, ते परत लिहीत नाही. एवढंच लिहिते की पाय कापल्यावर मी तुझ्या उशाशी आले, तेव्हा तू माझं तोंड बघून म्हणालास, "आते एकच चप्पल लागी." मी हसावं म्हणून म्हणालास. मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं. तुझ्या थट्टेला मी हसले नाही, अशी ती एकच वेळ.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला न्हाणीजवळ बोलावून ते सांगितलं. गणपतीच्या आसपास, पाय चिघळायला लागला तेव्हा, तू दोन बस बदलून तापीपलीकडच्या केंद्रात गेला होतास. तुझ्या भागाची यादी, आम्ही भरलेले फॉर्मच, त्यांच्याकडे होती. त्यांनी नाव शोधलं, सापडलंही. तिथल्या माणसानं बोट ठेवून दाखवलं की तुमच्यापुढे शुगर नाही असं लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा, मग कार्ड मिळेल. तू यादीतलं ते अक्षर ओळखलं असशील. आपल्या घरात त्या अक्षराला तुझ्याएवढं कुणी ओळखत नव्हतं. आणि तू घरी येऊन वहिनीला शपथ घातलीस.

वहिनी म्हणाली, "तुमनी नोकरी जाई म्हनीसन तुम्हले सांगं नही त्यासनी."

सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं, अशी चौकशी माझ्यावर लागेल, असं तुला वाटलं. लागली असती. लागू द्यायची होतीस, भाऊ. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दर रविवारी मी तुझ्याकडे येत होते. तू माझ्या शाळेतल्या पोरांची चौकशी करत होतास, पाय गोधडीत लपवून. एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी त्याच पावली जाऊन ते दुरुस्त केलं असतं. माझी नोकरी तुझ्या पायापेक्षा मोठी आहे, हे तू कुणाला विचारून ठरवलंस? मला त्या साहेबांचा राग आला त्याहून जास्त राग त्या दिवशी तुझा आला. तुझ्या फोटोपुढचा दिवा मी दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगितला.

तिसऱ्या दिवसापासून दारावर, म्हणजे दुखवट्याला, माणसं यायला लागली. सगळी लाइन, पुढच्या मागच्या लाइनी, कामरेज आणि पलसाण्याला कामाला असलेले आपल्या गावचे. घरात चूल नाही, म्हणून शेजारीण किटलीतून चहा आणायची. मी बाजूला बसून बघत होते. एकानं कप घेण्याआधी हळूच काहीतरी सांगितलं. मग दुसऱ्यानं. मग एका म्हातारीनं जरा मोठ्यानं सांगितलं, बिनसाखरना दे, माय. शेजारीण वैतागून गेली आणि चौथ्या दिवसापासून दोन किटल्या आणायला लागली. भाऊ, बिनसाखरेची किटली आधी संपायची. अखाजीच्या आठवड्यात ज्यांच्या दारांना कुलूप होतं ती माणसं, आणि ज्यांनी मुकादमाकडे बघून नाही म्हटलं होतं ती माणसं, तुझ्या दारात बसून फुंकर मारत कडू चहा पीत होती.

सरकार अजून एक केंद्र उघडणार आहे आणि त्याचे कागद याच महिन्यात वर जाणार आहेत, हे मला शाळेत कळलेलं होतं. मी घरी जाऊन उरलेले कोरे फॉर्म आणले. मयताच्या दारात बसून सर्वेक्षण करणारी बाई सुरतेनं बघितली नसेल. काही बायका कुजबुजल्या. पण दारावर आलेला माणूस मयताच्या घरात खोटं बोलत नाही. मी प्रत्येकाला चहाच्या वेळी विचारलं आणि प्रत्येकानं सांगितलं. कुणाचे डोळे गेले होते, कुणाच्या पायाला मुंग्या यायच्या, एकीचं तिसरं मूल पोटातच गेलं होतं. मी पहिल्या फॉर्मच्या पहिल्या ओळीत तुझं नाव लिहिलं होतं. सातव्या रकान्यात 'आहे'. त्या वेळी मला पहिल्यांदा रडू फुटलं.

पाचव्या दिवशी मुकादम आला. मी त्याचीच वाट बघत होते. चाळीस-एक माणसं बसली होती. तो हात जोडून सतरंजीवर टेकला, आणि मी ठरवलं होतं की सगळ्यांसमोर त्याला विचारायचं, अखाजीला तू इथं रस प्यायलास तेव्हा तुला काय माहीत होतं. शेजारणीनं त्याच्यापुढे कप धरला. त्यानं कपात बघितलं आणि घेतला नाही. तिनं दुसरी किटली उचलली तेव्हा घेतला.

तो मान खाली घालून म्हणाला, "मन्हं बी लिखा, ताई. माले बी शे."

चार वर्षांपासून होती. शेठला कळलं तर लूमवर परत पाठवेल, म्हणून लपवली होती. मी म्हटलं, मोठ्यानं सांगा, ऐकू आलं नाही. त्यानं मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, मागच्या लोकांना ऐकू आलं नाही. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि त्याचा आवाज फुटला. वहिनी आतून म्हणाली, ताई, बस करा. मी त्याचं नाव लिहिलं. माझा सूड तेवढ्यावर भागला असं समजू नकोस, पण त्याच्यापुरता तो तिथं संपला, कारण पुढे काय करायचं ते मला सुचलं नाही.

काल मी साहेबांकडे गेले. वहिनी आली नाही, पण लाइनीतल्या आठ-दहा बायका न बोलावता माझ्यामागे आल्या आणि दाराजवळच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी गठ्ठा ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि पेन्सिलीनं तुझ्या नावावर टकटक केलं. त्यांनी आधीच चौकशी केलेली दिसत होती.

"आ तो मरेला माणसनुं नाम छे," ते म्हणाले. "काढी नाखो, पछी मोकलुं."

नाव काढलं तरच गठ्ठा वर पाठवणार, नाहीतर सगळा बाद होईल, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मेलेल्या माणसाला केंद्र लागत नाही. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. भाऊ, ज्या माणसासाठी मी हे सगळं केलं त्याचंच नाव काढायचं होतं. मी गठ्ठा उचलून त्यांच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं. पंधरा दिवस मी तेच तर मनात घोळवत होते. मागे बघितलं तर बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या पायाला फडकं बांधलेलं होतं.

मी त्यांच्या टेबलावरची पट्टी घेतली आणि तुझ्या नावावरून एक बारीक रेघ मारली. रेघेखालून नाव स्वच्छ वाचता येतं. पण मी तिथं थांबले नाही. सरकारी कागदावर एक अक्षर खोडलं तरी बाजूला कारण लिहून वरिष्ठांची सही घ्यावी लागते, हे शाळेच्या रजिस्टरवर वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. शेऱ्याच्या रकान्यात मी गुजरातीत कारण लिहिलं. या माणसाला शुगर होती. अखाजीच्या सर्वेक्षणात मी ते माहीत असून 'नाही' असं लिहिलं. त्यामुळे केंद्रानं औषध नाकारलं आणि हा माणूस मेला, म्हणून नाव वगळलं.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, नुसतं मयत लिहा, एवढं कशाला. मी म्हटलं, मग नाव आहे तसं राहू दे, मी रेघ काढून टाकते, आणि गठ्ठा बाद का झाला ते या बायकांना तुम्हीच सांगा. त्यांनी माझ्या मागे उभ्या बायकांकडे बघितलं, मग कारकुनाकडे बघितलं. कारकून दुसरीकडे बघायला लागला. मग साहेबांनी सही केली, तारीख टाकली. आणि त्या सहीखाली, लिहिणाऱ्याची सही म्हणून, मी माझी केली.

तो कागद आज वर गेला असेल. तुझं नाव, त्यांची सही आणि माझा गुन्हा एकाच ओळीत आहेत, आणि वरच्या माणसाला बाकीची नावं वाचण्याआधी ती ओळ वाचावी लागणार आहे. मला ज्याची आस होती तो सूड हाच की काय, मला ठाऊक नाही. मनाला थंडावा काही मिळाला नाही. पण साहेबांना झोप लागत नसेल, असं मला वाटतं, आणि ते वाटणं मला आवडतं.

माझ्यावर चौकशी लागेल. मुख्याध्यापकांनी आज बोलावून विचारलं, हे खरं लिहिलंत का. मी खरं म्हटलं. तू पाय देऊन जी नोकरी राखलीस ती मी काल त्या टेबलावर ठेवून आले आहे, भाऊ, आणि तुला विचारलं नाही.